दोरीवरची साडी

आमच्या शिडाच्या होडीचं इंजिन आता भरवशाचं राहिलं नाही. दुरुस्तीला न्यायची तर किनाऱ्याकिनाऱ्याने, वाऱ्यावरच. खाडीच्या तोंडाशी वारा पडला, तर समोर खडक आहेत. म्हणून मी रोज ओसरीवर बसून वाळत घातलेली साडी बघतो. सकाळी तिचा पदर समुद्राकडे उडतो. मग थोडा वेळ ती नुसतीच लोंबते, विचारात पडल्यासारखी. उन्हं चढली की घराकडे फुगते. त्या मधल्या वेळात मी मनाने खडकांपाशी असतो. वाऱ्याला घाई करता येत नाही.

"न्यायलाच हवी का होडी?" बायकोने काल विचारलं. मी साडीच्या पदराकडे बघत राहिलो.

आज तिने बाकीचे कपडे घड्या करून आत नेले. साडी कधीच वाळली होती. तिला तिने हात लावला नाही.