वरच्या ओळीतलं नाव

थाटीपूरच्या आमच्या गल्लीत, माझ्या घरासमोर, सीमंतिनी चिटणीस आणि तिची आई पद्माताई राहतात. सीमंतिनी तेव्हा एकोणचाळीस वर्षं आठ महिन्यांची होती. बाईमाणसाचं वय असं महिन्यांनिशी सांगू नये हे मला कळतं. पण एका नोकरीच्या जाहिरातीत चाळीसच्या आतली अट होती आणि सगळं त्या चार महिन्यांवर येऊन ठेपलं होतं.

शहराच्या लष्कर भागातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात ती कॉन्ट्रॅक्टवर होती, अकरा वर्षं. दर अकरा महिन्यांनी कागद संपायचा, मग चार दिवस घरी बसायचं, मग नवा कागद. हुद्दा डेटा ऑपरेटर. काम म्हणाल तर दवाखान्याचा सगळा डेटाबेस, म्हणजे दोन लाख रुग्णांची नावं, तपासण्या, औषधं, खाटा जिथं साठवलेल्या असतात ते कोठार, तिच्या बोटांवर चालायचं. एकाच माणसाची तीनदा नोंद झाली तर हे तिघं नसून एकच आहे हे ओळखणारा प्रोग्राम तिचा. महिन्याच्या ज्या अहवालाला पूर्वी तीन दिवस लागत, तो चार मिनिटांत काढणारा प्रोग्रामही तिचाच. हे मला फार उशिरा कळलं, कारण ती आपणहून सांगत नसे. नाकासमोर चालणारी मुलगी. सकाळी टेम्पोनं दवाखान्याजवळच्या महाराज बाड्याला जायची आणि संध्याकाळी टेम्पोनंच परत यायची.

डिसेंबरात दवाखान्यानं डेटाबेस प्रोग्रामरची एक कायम जागा काढली. एकच. सीमंतिनी संध्याकाळी माझ्याकडे आली, हातात एकशे बारा प्रश्नांची छापील चळत आणि वर तिळाच्या गजकचा डबा.

"काका, तुम्ही रोज माझा इंटरव्यू घ्याल का? एकटी वाचते तर सब आठवतं. कोणी समोर बसलं की ब्लँक होऊन जाते."

मी एका सरकारी खात्यातून अधीक्षक म्हणून निवृत्त झालो आहे. निवड समित्यांवर बसून बसून खुर्च्या झिजवल्या आहेत. मला कॉम्प्युटरातलं ओ की ठो कळत नाही, पण समोरच्याला घाम कसा फोडायचा ते कळतं. मी हो म्हटलं.

तीन आठवडे आमचा हा खेळ चालला. मी चष्मा लावून प्रश्न वाचायचो, उच्चार चुकायचे, ती दुरुस्त करायची आणि मग उत्तर द्यायची. इंडेक्स मला लगेच समजला. जाड पुस्तकाच्या मागे सूची असते तसंच ते, पान न् पान उलटावं लागत नाही. दोन तक्ते एकमेकांना जोडायचे कसे, अर्ध्यात वीज गेली तर अर्धवट नोंद पुसायची कशी, हे ती मला डाळीत मीठ किती घालायचं सांगावं इतक्या सहज सांगायची. आठवड्याभरात माझी खात्री झाली, की एवढं येणारं माणूस त्या दवाखान्यात दुसरं नसणार. सहा महिन्यांपूर्वी गरिमा नावाची एक मुलगी नव्यानं लागली होती, तिनंही अर्ज केला होता. तिला काम शिकवलं कोणी? सीमंतिनीनंच.

चूक मी पहिल्याच संध्याकाळी केली. मी तिला विचारलं होतं, "तुम्ही आजवर काय काम केलंत?" ती पटकन म्हणाली, डुप्लिकेट पेशंट शोधणारा प्रोग्राम मी लिहिला. मी हातातला कागद खाली ठेवला आणि तिला झापलं. असं मी मी करू नये. समोर तुझे साहेब बसलेले असणार, त्यांना काय वाटेल? आम्ही केलं म्हणावं. साहेबांच्या मार्गदर्शनाखाली झालं म्हणावं. मोठ्या माणसाला मान दिला की मोठं माणूस आपल्याला विसरत नाही. तिनं मान डोलावली आणि वहीत लिहून घेतलं. पुढे ती कधी "मी" म्हणून चुकली नाही, कारण चुकली की मी टेबलावर बोट आपटायचो.

वर उदाहरण दिलं ते माझंच. माझी चौदा पानी टिप्पणी एकदा भोपाळला गेली होती. तिथल्या सचिवांनी ती वाचून माझ्या साहेबांना फोन केला, आणि साहेबांनी फोनवर माझं नाव घेतलं. त्यावर मी अधीक्षक झालो. ही गोष्ट मी आयुष्यात शंभरदा तरी सांगितली असेल. सीमंतिनीनं विचारलं, चौदा पानं तुम्ही एकट्यानं लिहिली? मी म्हटलं, मसुदा कान्होजी नावाच्या बाबूनं केला होता, अक्षर आणि भाषा दोन्ही सुरेख, पण टिप्पणी माझी. ती पुढचा प्रश्न काढून बसली.

तिचे साहेब म्हणजे संभाजीराव. आमच्या मराठी मंडळातले, गणपतीत आरतीला पुढे उभे राहणारे. पन्नाशीचे, गोड बोलणारे. सीमंतिनीशी मराठीत बोलायचे, बाकी सगळ्यांशी हिंदीत. समितीवर ते आहेत हे कळलं तेव्हा पद्माताईंनी देवापुढे साखर ठेवली. मीही म्हटलं, घरचाच माणूस आहे, आता काय काळजी.

मुलाखतीच्या दोन दिवस आधी सहज बोलता बोलता एक गोष्ट निघाली. त्यांच्या ऑफिसात प्रत्येक प्रोग्रामच्या डोक्यावर चार ओळी लिहायची रीत आहे. लिहिणाऱ्याचं नाव, तारीख, काम काय, बदल काय. मी विचारलं, मग तुझे किती आहेत? ती म्हणाली, सत्तर-ऐंशी असतील, पण वर नाव संभाजीराव सरांचं आहे.

मला आधी कळेना. मग तिनं सांगितलं. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात तिनं वडिलांना ही चार ओळींची रीत सांगितली होती. वडील तेव्हा होते. चिटणिसांच्या घरात पिढ्यान् पिढ्या दरबारची पत्रं लिहिली गेली, आणि एकाही पत्रावर चिटणिसाचं नाव नाही. पत्र चिटणीस लिहितो, शिक्का मालकाचा असतो, आणि नाव घालणारा चिटणीस हलका, असं वडिलांनी तिला सांगितलं. मुलीनं ऐकलं. पहिल्या प्रोग्रामवर तिनं साहेबांचं नाव घातलं तेव्हा संभाजीराव हसले होते, अगं तुझं नाव लिही ना, म्हणाले होते. दुसऱ्या वेळी ते काही म्हणाले नाहीत. तिसऱ्यापासून ते वाचेनासे झाले. अकरा वर्षं तिनं ती ओळ अशीच टाइप केली.

या जागी मी काय म्हणालो ते मला नीट आठवतं. मी म्हणालो, वा, घराण्याचं वळण आहे. साहेबांना हे माहीत आहे ना? मग झालं तर.

मुलाखत बुधवारी झाली. आईची निळी साडी नेसून ती गेली आणि दुपारी तीनला परत आली. आमच्या ओसरीवर बसून तिनं मला सगळं क्रमानं सांगितलं, कोणी कुठल्या खुर्चीवर बसलं होतं इथपासून. समितीत तिघं होते. दवाखान्याच्या कर्मचारी विभागाच्या हर्षिता मॅडम, इंदूरहून बोलावलेले एक तज्ज्ञ आणि संभाजीराव. पहिली वीस मिनिटं तज्ज्ञ प्रश्न विचारत गेले आणि ही उत्तरं देत गेली. एकशे बारांतले बारासुद्धा त्यांनी विचारले नाहीत. मग त्यांनी लॅपटॉप उघडला आणि पडद्यावर एक प्रोग्राम दाखवला. इथलाच. डुप्लिकेट पेशंट शोधणारा. वर संभाजीरावांचं नाव.

तज्ज्ञांनी विचारलं, यात काय काय चाललंय सांगा. तिनं ओळ न् ओळ सांगितली. अमुक ठिकाणी हा वळसा का घेतला, तमुक अट नंतर का टाकावी लागली, ती टाकायच्या आधी कुठल्या दोन बहिणींची नोंद एकात एक मिसळली होती. तज्ज्ञ खूश झाले. म्हणाले, "सर का कोड आपने बहुत अच्छे से याद किया है. अब अपना लिखा कुछ दिखाइए."

तिनं संभाजीरावांकडे पाहिलं. मला तिनं हे दोनदा सांगितलं, की तिनं त्यांच्याकडे पाहिलं. संभाजीराव समोरच्या फाइलमध्ये काहीतरी शोधत होते. फाइलमध्ये दोनच कागद होते.

"मग तू काय म्हणालीस?"

"तेच, काका. जे आपण तयार केलं होतं. सर के मार्गदर्शन में हम लोगों ने किया है."

तज्ज्ञांनी काहीतरी लिहिलं. हर्षिता मॅडमनी धन्यवाद म्हटलं. बाहेर गरिमा बसली होती. तिच्या हातात तीन छोटे प्रोग्राम छापून आणलेले होते. सीमंतिनीनंच तिच्याकडून सरावासाठी लिहून घेतलेले. गरिमानं प्रत्येकाच्या डोक्यावर आपलं नाव घातलं होतं. त्यात गैर काय? तिनंच लिहिले होते.

निकाल शनिवारी लागला. गरिमा. मी गरिमाला दोष देत नाही, पोरगी चांगली आहे, पेढे घेऊन ती पहिली सीमंतिनीकडेच आली आणि वाकून पाया पडली. संभाजीराव सोमवारी सीमंतिनीला म्हणाले, अगं बाहेरच्या माणसानं मार्क दिले, माझ्या हातात काही नव्हतं. आणि म्हणाले, तुझा कागद मी पुढे करून घेतो, काळजी करू नको, फक्त गरिमाला ते सगळं नीट समजावून दे. तिनं बरं म्हटलं. एप्रिलात ती चाळीस वर्षांची झाली. पद्माताईंनी शिरा केला होता, तो मलाही आला.

त्यानंतरच्या एका रविवारी सकाळी मी समोर गेलो तर सीमंतिनी फोनवर बोलत होती. पलीकडे गरिमा होती. अहवाल अडला होता. ही शांतपणे सांगत होती, चौतीस नंबरची लाइन देख, वहाँ तारीख का फॉरमॅट बदल, हां, अब चला. फोन संपायच्या आत माझं डोकं फिरलं. बोलण्यासारखं होतं ते सगळं बोललो. तो माणूस दर गणपतीत पुढे उभा राहून आरती म्हणतो आणि एक वाक्य त्याच्या तोंडातून निघालं नाही. एकच वाक्य, हे हिनं लिहिलंय. काय झिजलं असतं त्याचं? आयत्या बिळावर नागोबा. मी आत्ताच्या आत्ता त्याच्या घरी जातो आणि तोंडावर विचारतो. मी उठून दारापाशी गेलो आणि चपला पायांत घातल्या.

सीमंतिनीनं फोन खाली ठेवला. ती चिडलेली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं.

"काका, ते कान्होजी कधी अधीक्षक झाले?"

मी म्हटलं, तो कुठला होतोय, बाबू म्हणूनच रिटायर झाला.

"त्यांच्या प्रमोशनची कमेटी नाही बसली?"

बसली होती. मीच होतो त्या समितीवर. त्याच्या फाइलमध्ये स्वतंत्र कामाचा एकही कागद नाही असा शेरा दुसऱ्या एका सदस्यानं मारला होता, आणि मी त्याखाली सही केली होती. चौदा पानांचा विषय तेव्हा माझ्या मनातसुद्धा आला नव्हता. खोटं कशाला सांगू, आला होता.

हे मी तिला सांगितलं नाही. आईला हाक मारून तिनं माझ्यासाठी चहा टाकायला सांगितला. मी चपला काढल्या आणि आत येऊन बसलो. संभाजीरावांकडे मी त्या रविवारी गेलो नाही, नंतरही गेलो नाही. कान्होजी इथंच मुरारला राहायचा, सरकारी शाळेच्या मागे. अजून आहे की नाही मला ठाऊक नाही.