मामांचे चांगले गाडीवान

आता काय सांगू तुम्हाला! आधी तो चहा संपवा, नंतर ठसका लागला तर मला बोल लावू नका.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. मी कोल्हापुरात हायस्कूलला विज्ञान शिकवायचो. माझे सासरे, आम्ही त्यांना मामा म्हणतो, शिरोळकडचे ऊसवाले. वय झालेलं, त्यात छातीत दुखायला लागलं, म्हणून उपचाराला आमच्याकडे येऊन राहिले. डॉक्टरांनी मटण आणि रश्श्यावरचा लालभडक कट बंद केला. मामा ऐकतील तर शपथ!

बायको रडकुंडीला आली. "एवढी पोरं शिकवता, माझ्या बापाला समजावून सांगा की."

झालं. माझ्यातला मास्तर उठून बसला. नुकताच एका मासिकात लेख वाचला होता.

"मामा, चरबी रक्तात एकटी फिरत नाही. प्रथिनं तिला बांधून घेऊन नेतात. उसाच्या गाड्याच समजा. काही गाडीवान वाईट, वाटेतच ऊस टाकून जातात. रस्ता तुंबला की हृदयाचं काम अडलं. काही गाडीवान चांगले, सांडलेला ऊस उचलून कारखान्यात, म्हणजे यकृतात, पोचवतात."

"मग चांगलं गाडीवान वाढवायचं कसं?"

"रोज चालायचं."

दुसऱ्या दिवसापासून मामा रोज संध्याकाळी रंकाळा तलावावर चालायला. रात्री अर्धी भाकरी खाऊन उठायचे, मटणाचं नाव नाही. बायको माझ्याकडे अशी कौतुकानं बघायची, की लग्नातसुद्धा तशी बघितली नव्हती. मी स्टाफरूममध्ये सांगत सुटलो, शिकवायला हातोटी लागते म्हणून.

महिन्याभरानं मी मामांना तपासणीला नेलं. वजन वाढलेलं, रक्तातली चरबी वाढलेली. डॉक्टरांनी विचारलं, "आजोबा, खरं सांगा, खाताय काय?"

"मटण. रोज रंकाळ्यावरनं येताना खानावळीत बसतोय की."

"अहो, बंद करायला सांगितलं होतं ना?"

"व्हय, पर आता रोज चालतोय. चांगलं गाडीवान वाढल्यात. त्यास्नी माल नको घालायला? का रिकाम्या गाड्या हाकत बसायच्या?" मामा पुढे म्हणाले, "गल्लीतल्या दोन म्हाताऱ्यास्नीबी लावलंय मी. भाईर बसल्यात, त्यांचंबी रगत तपासा."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "कुठल्या शहाण्यानं सांगितलं हे?"

मी वरचा पंखा बघायला लागलो. "असेल गावाकडचं कुणीतरी," असं पुटपुटलोसुद्धा.

मामांनी अभिमानानं माझ्या पाठीवर थाप मारली. "गावाकडचं कशाला? ह्ये आमचं जावई. सायन्सचं मास्तर हाईत."

डॉक्टरांनी औषध लिहिलं. मामांना म्हणाले, "तुम्हाला मटण बंद." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "आणि तुम्हाला बोलणं."

ही दोन्ही पथ्यं पाळून घ्यायचं काम बायकोनं अंगावर घेतलं. औषधानं मामांना उतार पडला, त्यांचं पथ्य पुढे जरा सैलही झालं. माझं अजून चालू आहे. आज ती माहेरी गेलीय, म्हणून तर एवढं बोलतोय.