बाज जाईल एवढी वाट

अंबड तालुक्यातल्या त्या गावात कडूबाने तीस वर्षं, आधी बैलांनी आणि मग ट्रॅक्टरने, अर्धं शिवार नांगरलं. तीस वर्षं तो एक पापही करत आला, पण गावात ते कुणालाच पाप वाटत नव्हतं. शेतमालक बांधावर उभा राहून डोळ्यानेच खुणवायचा, आणि कडूबा नांगराचं एक तास शेजारच्या पाणंदीत, सामाईक शेतवाटेत, घालायचा. एक तास म्हणजे फूटभर माती, तेवढ्याने कुणाचं काय जातंय? असं म्हणत म्हणत नकाशावरची बारा फुटांची पाणंद चार फुटांवर आली. एका बाजूला कल्याणचं शेत, दुसऱ्या बाजूला धर्मराजचं. उरलेल्या चार फुटांसाठी दोघे एकमेकांची डोकी फोडत होते.

मग एका हंगामात कडूबाचा मुलगा मिथुन अंकुशनगरच्या कारखान्याला ऊस घेऊन निघाला. चार फुटांत ट्रॉली मावणार कशी? चाक धर्मराजच्या तुरीत गेलं. धर्मराजने मिथुनला खाली ओढलं आणि मानेजवळ कुऱ्हाड घातली. सुटलेली ट्रॉली उलटून वाट बंद झाली. कल्याणने घरची बाज आणली, पण चौघांना खांदा द्यायला जागा नव्हती. पुढे धावत आलेला कडूबा आणि मागे कल्याण असे दोघेच निघाले. धर्मराज कुऱ्हाड धरून बघत राहिला. बाज दोनदा कलली, मिथुन दोनदा चिखलात पडला, आणि डांबरी सडकेवर पोचेपर्यंत संपला. चालताना कडूबाच्या तळपायांना आपल्याच नांगराची ढेकळं टोचत होती. हे त्याने पुढे बायकोलाही सांगितलं नाही.

त्याच्या बायकोला, उषाबाईला, मात्र रक्ताच्या बदल्यात रक्तच हवं होतं. भावकी काठ्या घेऊन धर्मराजच्या दारात गेली, त्याचा गोठा पेटवला, दोन म्हशी जळून मेल्या. सरकार जागं झालं. जेसीबी आला, पोलीस आले, आणि एका दिवसात बारा फूट मोकळे करून गेले. आठ दिवस टिकलं ते! नवव्या दिवशी दोन्हीकडच्यांनी मोजणीचे दगड उपटले आणि त्याच दगडांनी तीन माणसांची डोकी फोडली. कल्याणचा एक डोळा गेला. खुनाच्या खटल्यातले साक्षीदार फुटले, धर्मराज दोन वर्षांत सुटून आला, आणि पाणंद होती तेवढीच राहिली.

कडूबाला तेव्हा कळलं की एका दिवसात हिसकावलेलं कुणाला पचत नाही. तो ग्रामसभेत उठला आणि तीस वर्षांचं पाप सगळ्यांसमोर ओकला. म्हणाला, जसं गेलं तसंच परत येऊ द्या, दोन्हीकडून दरसाल एक तास. लोक हसले. मग त्याने जाहीर केलं की जो तास सोडणार नाही त्याचं रान आपण नांगरणार नाही, आणि आसपासच्या गावांतल्या सगळ्या ट्रॅक्टरवाल्यांकडूनही तसाच शब्द घेतला. हसू थांबलं.

पहिल्या साली कल्याणने तास सोडलं. धर्मराजने लोखंडी पहार घालून कडूबाचा डावा हात मोडला. धर्मराजचं रान पड राहिलं, कुणी नांगरायला आलं नाही. दुसऱ्या साली त्याने शिव्या घालत दोन तासं सोडली. तिसऱ्या साली शिव्या कमी झाल्या. तलाठीण श्रद्धा दरसाल टेप धरून नोंद घ्यायची. तिचा कागद वर गेला, आणि तालुक्यातल्या आणखी सात भांडखोर पाणंदींना हाच नियम लागला. कडूबा मात्र टेपवर विश्वास ठेवत नसे. तो दरसाल तीच बाज आडवी टाकून बघायचा.

चौथ्या साली शेवटचं तास होतं, आणि ते नेमकं मिथुनवर कुऱ्हाड पडली त्या जागेवरून जाणार होतं. धर्मराज तिथेच कुऱ्हाड घेऊन उभा होता. कडूबाने ट्रॅक्टर त्याच्या छातीपासून हातभर अंतरावर आणला. क्लचवरचा पाय नुसता उचलायचा होता. इतकी वर्षं हेच त्याच्या स्वप्नात यायचं, आणि त्याला ते करायचं होतं, अगदी मनापासून.

"धर्मराज," तो म्हणाला, "आज एक पाऊल सरक. बाकीचा हिशोब पुढल्या साली पाहू."

धर्मराज एक पाऊल मागे गेला. कडूबाने तास पाडलं, इंजिन बंद केलं, आणि स्टिअरिंग धरून तिथेच बसून राहिला.

तेवढ्यात उषाबाई गावाकडून आली. बाजेचा एक खूर तिने स्वतः धरला होता, दोन कल्याणने आणि श्रद्धाने, चौथा जमिनीवर घासत येत होता. मिथुन गेल्यापासून तिने या पाणंदीत पाय ठेवला नव्हता. ती धर्मराजसमोर थांबली.

"म्या तुला माफ केलं न्हाई," ती म्हणाली. "मरेस्तोवर करणार न्हाई. पण त्या दिशी तू नुसता बघत राह्यलास. आज धर."

धर्मराजने कुऱ्हाड खाली टाकली आणि चौथा खूर उचलला. चौघे शेजारी शेजारी, रिकामी बाज घेऊन, डांबरी सडकेपर्यंत चालत गेले. कुठेच कलली नाही.