पट्ट्यातली बोट आणि घाडीकाकांचा चहा

आधी नाव सांगतो: घाडीकाका. मी आज मुंबईत टिकून आहे तो त्यांच्यामुळे. हे अगोदरच सांगितलेलं बरं, कारण पुढचं वाचून कुणालाही वाटेल की माझा त्या माणसावर राग आहे. राग आहेच. पण उपकार पहिला सांगावा आणि गाऱ्हाणं मागून, असं माझी आई म्हणते.

दारूखान्याच्या मागे, जुनी जहाजं तोडतात त्याच्या पलीकडे, बोटी ठेवायचं एक यार्ड आहे. पैसेवाल्या लोकांच्या बोटी तिथे पाण्यात नसतात, जमिनीवर असतात. लोखंडी मांडणीत एकावर एक, भांड्यांच्या दुकानात पातेली रचावीत तशा. मालकाला फिरायला जायचं असलं की आदल्या दिवशी फोन करायचा. मग भरतीच्या वेळी बोट मांडणीतून काढतात, पोटाखालून दोन रुंद पट्टे घालतात आणि क्रेनने उचलून पाण्यात सोडतात. परत आली की वर उचलायची, गोड्या पाण्याने आंघोळ घालायची, आतलं पाणी निघून जावं म्हणून तळाचं बूच काढायचं आणि पुन्हा मांडणीत. ही क्रेन घाडीकाकांच्या हातात होती.

मी हिंदमाताजवळच्या एका साडीवाल्या शेठच्या बोटीचा खलाशी. गाव भंडाऱ्याकडे. आठवीत शाळा सुटली. तळ्यात डोंगा चालवता येतो एवढ्याच गुणावर गावातल्या एका ओळखीच्या माणसाने शेठकडे आणून सोडलं. यार्डात फोन करणं, बोट धुणं, दोर धरणं हे माझं काम. चालवायचे शेठ स्वतः. झोपायला दुकानावरचा पोटमाळा. म्हणजे नोकरी गेली की छप्परही गेलं, हे मला रोज आडवं पडल्यावर आठवायचं.

पहिल्याच दिवशी मी हैराण झालो. बोट क्रेनने खाली आली, तिचं पोट पाण्याला लागलं आणि तिथेच थांबली. पट्टे तसेच ताणलेले. मला वाटलं, क्रेन बिघडली. वर पाहिलं तर घाडीकाका केबिनमधून उतरून एका पालथ्या पिंपावर बसले होते आणि थर्मासच्या झाकणात चहा ओतत होते. मी बोटीत, बोट पट्ट्यात, आणि यांचा चहा. मी विचारलं की सोडत का नाही, तर म्हणाले, "तळाकडे बघ. पाणी येतंय?"

नव्हतं येत. तसं सांगितलं.

"मग बघत राहा."

हा त्यांचा कायदा होता. बोट पाण्याला टेकल्यावर एक चहा होईपर्यंत पट्ट्यातच राहणार. बूच लावायचं विसरलं असेल, कुठे चीर गेली असेल, तर ती तेवढ्यात कळते आणि बोट उचलता येते. "पट्ट्यात आहे तोवर बोट माझी," ते म्हणायचे, "पट्टा सुटला की दर्याची." पटण्यासारखं आहे. पण हे पटायला ज्याने कधी त्यांना चहा पिताना पाहिलेलं नाही असा माणूस हवा. फुंकर, घोट, मग खाडीकडे बघणं, मग शिवडीच्या बाजूला फ्लेमिंगो आले का यावर दोन शब्द, मग पुन्हा फुंकर. लालबागच्या चाळीतून घाडीकाकू तो चहा उकळता भरून देत. मला तर काकूंचाही राग यायचा. जरा कोमट दिला असता तर काय बिघडलं असतं?

सगळे मालक चिडायचे. एकाने एकदा सरळ तक्रार केली. यार्डाच्या मॅनेजरने समजावलं, निदान सॉरी तरी म्हणा. काका म्हणाले, "क्रेनवाला सॉरी म्हणाला की समजायचं, बोट बुडाली. माझी एक पण बुडाली नाय." आणि विषय संपला. मला ते 'तळ्यातल्या' म्हणून हाक मारायचे. "ए तळ्यातल्या, तुझ्या तळ्याला भरती असते काय रे?" शेठ काठावरून मला ओरडणार, काका पिंपावरून मला टोमणे मारणार, आणि मी मध्ये लोंबकळत तळाकडे बघणार. माझे रविवार असे जायचे. आई मात्र फोनवर एकच विचारायची, "तो काका हाय ना तिथं?" आहे म्हटलं की तिचा जीव भांड्यात. माझा जीव कुठे असायचा ते तिला काय माहीत.

मग तो रविवार आला. शेठच्या मुलीचं लग्न ठरत होतं. होणारे व्याही सहकुटुंब येणार, त्यांना बोटीतून पलीकडच्या किनाऱ्यावर मांडव्याला न्यायचं, तिथे जेवण. शेठने मला दहादा बजावलं होतं, आज घोळ नको. पाहुणे भायखळ्याला गर्दीत अडकले आणि आले तेव्हा भरती होऊन पाणी उतरायला लागलं होतं. आमच्या यार्डापुढची खाडी म्हणजे चिखल. पाणी उतरलं की बोट ना बाहेर जाऊ शकते, ना आत येऊ शकते.

बोट खाली आली. थांबली. काका पिंपावर. नव्या जरीच्या साड्या, पावडर लावलेली पोरं, मिठाईचे डबे, सगळे काठावर उभे. शेठ हसत म्हणाले, "काका, आज सोडा लवकर." काकांनी मान हलवली आणि फुंकर मारली. झाकण रिकामं झालं. मी पट्ट्याच्या कडीला हात घातला. तर काकांनी थर्मास उघडून दुसरा चहा ओतला.

मी तळमळून ओरडलो, की काका, आत थेंब नाही, अगदी कोरडं आहे. शेठचं हसू गेलं होतं. काका मालवणीत शिरले, म्हणजे आता देव आला तरी उपयोग नव्हता. "घाई कित्याक करतस? आज पोरांबाळांची माणसां आसत. माणसां जास्त, चाय जास्त."

दुसरा चहा संपला. काका उठले, पाण्याकडे पाहिलं आणि म्हणाले, आता नको. जाल, पण येताना चिखलात बसाल. आणि क्रेनमध्ये चढून त्यांनी बोट वर घेतली. मी बोटीसकट वर गेलो. वरून व्याह्यांची पोरं दिसत होती, हात हलवत होती.

शेठ व्याह्यांसमोर काकांना काही बोलू शकले नाहीत. मला बोलले, बाजूला घेऊन. तुझं काम एकच होतं, बोट वेळेत पाण्यात. उद्या सामान उचल. एवढंच.

पाहुणे गेल्यावर मी काकांसमोर जाऊन उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या माणसाशी आवाज चढवला. म्हटलं, काहीच नव्हतं हो बोटीत, आणि माझी नोकरी गेली.

काका थर्मास धूत होते. "काय नव्हतां, ह्या कळलां ना?" म्हणाले. "मग झालां."

त्यांना माझी नोकरी गेल्याचं ऐकूच आलं नसावं, असं मला वाटलं. रात्रभर पोटमाळ्यावर पडून मी आईला काय सांगायचं ते जुळवत राहिलो.

सकाळी दुकान उघडलं. मी बोचकं बांधून खाली उतरत होतो, तर दुकानाच्या पायऱ्यांवर घाडीकाका. यार्डाच्या तेलकट शर्टाशिवाय मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आज इस्त्रीचा सदरा, केसांना तेल. चपला बाहेर काढून ते शेठच्या पांढऱ्या गादीपाशी गेले, पण बसले नाहीत. समोर दोन बायका पैठण्या बघत होत्या. त्यांच्यादेखत काका म्हणाले, "शेठ, काल माझं चुकलं. दुसरा चहा घ्यायला नको होता. सॉरी. ह्याला काढू नका."

मी बोचकं जिन्यातच टेकवलं. बोट तर बुडाली नव्हती. आणि दुसरा चहा घेण्यात त्यांचं काही चुकलं, असं त्यांना वाटत नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

शेठ व्यापारी माणूस. त्यांनी काकांना नीट न्याहाळलं, नोकराला चहा आणायला सांगितला आणि कालचं सगळं उट्टं काढत म्हणाले, "बसा. तुमचा चहा होईपर्यंत विचार करतो."

चहा आला. वाफा निघत होत्या. काकांनी कप उचलला आणि एका दमात रिकामा केला. फुंकरसुद्धा मारली नाही. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी बाहीला पुसलं.

"संपला," ते म्हणाले.

शेठने वाकून त्या रिकाम्या कपात पाहिलं. मग मला म्हणाले, "बोचकं वर ठेव."

नंतर यार्डात मी काकांच्या पाया पडायला वाकलो तर पाय मागे घेऊन म्हणाले की बोट धुवायची राहिलीय, कालचं खारं पाणी तळाला सुकतंय. त्या गोष्टीचा उल्लेख त्यांनी पुन्हा केला नाही. मला वाटलं, आता तरी आमच्या शेठपुरता कायदा सैल होईल. पुढच्या रविवारी बोट पाण्याला टेकली, थांबली, आणि वरून थर्मास उघडल्याचा आवाज आला. शेठने कपाळाला हात लावला. मीही. लग्न मात्र झालं. व्याही अजून सांगत फिरतात की शेठची बोट जेवढी पारखतात तेवढं आमच्या मुलालाही कुणी पारखून घेतलं नव्हतं.

काका आता निवृत्त आहेत. चाळीच्या जागी टॉवर झालाय, त्यात वरच्या मजल्यावर राहतात आणि लिफ्टमध्ये शिरण्यापूर्वी ती एकदा रिकामी वरखाली पाठवतात. शेजाऱ्यांचे जे हाल होतात ते मला चांगले कळतात. मी महिन्यातून एकदा जातो. मध्ये गप्पांत समजलं की इतक्या बोटी पाण्यात सोडलेला हा माणूस त्यातल्या एकाही बोटीत कधी बसलेला नाही. मी चला म्हटलं तर उलट मलाच विचारलं, "आणि क्रेनवर कोण? तो नवीन पोरगा? नाय बाबा. तो टेकवतो आणि सोडतो."

म्हणून मी क्रेन शिकतोय. सुट्टीच्या दिवशी त्या नव्या पोराकडेच शिकतो, तोही माझ्यावर वैतागतो. परवाना मिळायला वेळ लागेल, पण मिळेल. काका, हे तुम्हाला कुणी वाचून दाखवलं तर ऐका: ज्या दिवशी परवाना हातात येईल त्या दिवशी बोटीत तुम्ही आणि काकू, सुकाणूच्या चाकावर शेठ, आणि वर क्रेनवर मी. काकूंना सांगून थर्मास मीच भरून आणीन, उकळता. बोट पाण्याला टेकवीन आणि खाली उतरून पिंपावर बसेन. तुम्ही कितीही ओरडा, शेठ कितीही ओरडू देत. माझा चहा संपल्याशिवाय पट्टा सुटणार नाही.