लेक पोचेपर्यंत

“पोरी, तुजा मेसेज उतरवलाय. भांडायचं आसंल तर आत्ताच भांड, माजा च्या व्हायचाय आजून.”

किसनकाकांचा फोन असा यायचा. ‘कशी आहेस’ नाही, ‘बरं आहे ना’ नाही. ते आमच्या गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपचे ॲडमिन. कुणाचाही मेसेज काढला की त्या माणसाला स्वतः फोन करायचा, हा त्यांचा शिरस्ता. बोट ठेवलं, मेसेज गायब, विषय संपला, असं त्यांना कधी जमलंच नाही. मला पहिल्यांदा हा फोन आला तेव्हा मी ग्रुपवर गुडघेदुखीच्या काढ्याची कृती टाकली होती. मी चिडले. म्हटलं, “काका, चांगलं सांगितलं तरी खुपतं का तुम्हाला?” तर म्हणतात, “तू पिलीस का?” मी कुठली पितेय! “न्हाई ना? मंग आदी तू पी म्हैनाभर. गुडघं जाग्याव ऱ्हायलं तर टाक परत.” काका गेले त्याला वर्ष होत आलं. मोबाईल वाजला की अजूनही मला वाटतं, आपलं काहीतरी उतरवलेलं दिसतंय.

काका एसटीत कंडक्टर होते. उभा जन्म जुन्नर-आंबेगावच्या रस्त्यांवर घंटीची दोरी ओढण्यात गेला, त्यामुळे ग्रुप म्हणजे त्यांच्या लेखी गाडीच. ‘डिलीट’ हा शब्द त्यांच्या तोंडी मी कधी ऐकला नाही. मेसेज ‘उतरवायचा’. फारच आरडाओरडा करणाऱ्याला ते ग्रुपमधून काढायचे आणि वर समजूत घालायचे, “पुढच्या गाडीनं या पावणं, रिकामी आसती.” दोन दिवसांनी तोच माणूस परत ग्रुपमध्ये. कुणी विचारलं तर म्हणायचे, “उतरवलं म्हंजी वैर न्हाई. उंद्या त्यानं हात केला की गाडी थांबवायचीच आसती.”

मी त्या ग्रुपात होते तीही त्यांच्यामुळेच. आमचं गाव बेल्ह्याच्या बाजारापासून जवळ, माझं सासर घोडेगावात. ग्रुप सुरू झाला तेव्हा चार शहाण्यांनी ठरवलं, लग्न होऊन गेलेल्या लेकींना घ्यायचं नाही. काकांनी त्यांना पारावरच धरलं. “जत्रंची वर्गणी लेकींकडून घेता. मंग हितं का नको? लेक गावची न्हाई तर काय एसटीची?” हसण्यावारी ठराव मोडला. तेव्हापासून घोडेगावात भाजी निवडता निवडता मला माहेरचं सगळं कळायचं. बिबट्या कुणाच्या उसात दिसला, लाईट दिवसाची आहे की रात्रीची, बाजारात कुणाची बैलजोडी गेली. सासूबाई म्हणायच्या, “हिचं शरीर हितं आन् कान माहेरी.”

आता मुख्य गोष्ट सांगते. आमच्याकडे मरण फोनवर सांगत नाहीत. “आईला जरा जास्त झालंय, निघून ये,” एवढंच म्हणतात. ऐकणारीला कळतं, सांगणाऱ्यालाही ठाऊक असतं की तिला कळलंय. पण माहेरापर्यंतचा रस्ता कापायला तेवढा आधार लागतो. मोबाईल आले आणि हा रिवाज मोडला. माणसाचे डोळे मिटतात न मिटतात तोच ग्रुपवर फोटो, हात जोडलेले, दिवा लावलेला, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. पहिला हार आपला पडला पाहिजे याचीच घाई. गावातली एक लेक नारायणगावच्या बाजारात टोमॅटोची पाटी घेऊन बसली होती. घरच्यांचा फोन जायच्या आत तिने मोबाईल उघडला आणि त्यात तिच्या बापाचा फोटो. ती भर बाजारात पाटीवर कोसळली. हे कळल्यावर काका दोन दिवस नीट जेवले नाहीत. मग त्यांनी ग्रुपवर लिहिलं, ‘लेक घरी पोचेपर्यंत श्रद्धांजली टाकायची नाही. टाकली तर उतरवणार.’

ग्रुपला ‘फक्त ॲडमिन बोलतील’ असं एक बटण असतं. मी म्हटलं, काका, अशा दिवशी ते दाबून टाका, सुटलात. ते माझ्यावरच उखडले. “गाडीला कुलूप लावून कुणी नेतं का? आन् त्येवढ्यात बिबट्या निघाला तर लोकांनी काय घरोघर वरडत हिंडायचं?” मग काय, कुणी गेलं की काका दिवसभर मोबाईल हातात धरून ओट्यावर बसायचे. एकेक फोटो उतरवायचे, एकेकाला फोन करायचे.

यावरूनच उत्तमशी वाजलं. उत्तम हा माझ्या वर्गातल्या संगीताचा धाकटा भाऊ. मनाने वाईट नाही, पण पुढाऱ्याच्या गाडीत बसून मान जरा ताठ झालेली. गावातले एक वयस्कर गृहस्थ वारले तेव्हा त्याने भला मोठा बॅनर करून टाकला. वर पुढारी, खाली गॉगल घातलेला उत्तम आणि मधे कुठेतरी बिचारे गेलेले आजोबा. आजोबांची लेक तेव्हा सुरतेहून निघालेल्या गाडीत होती. काकांनी बॅनर उतरवला. उत्तमने परत टाकला, काकांनी परत उतरवला. फोन केला तर त्याने उचलला नाही. मग ग्रुपवर उत्तमची ओळ आली, ‘सांगावा पोचवायचं काम तुमचं. अडवायचं नव्हे.’

या ओळीतलं विष सगळ्यांनाच कळेल असं नाही, म्हणून सांगते. काका बौद्ध. धर्मांतराच्या आधी, त्यांच्या आज्याच्या काळात, गावातल्या मयताचा सांगावा पायी दुसऱ्या गावांना नेणं हे त्यांच्या लोकांवर लादलेलं काम होतं. ऊन असो, पाऊस असो. तिथे जाऊन अंगणाबाहेर उभं राहायचं. पाणी मागितलं तर वरून ओंजळीत ओतायचे. उत्तमला हे सगळं ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच त्याने लिहिलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काकांना फोन लावला. “काका, काढा ते आधी! नाहीतर मी गावी येऊन त्याच्या कानाखाली आवाज काढते.”

“ऱ्हाऊ दे.”

“का म्हणून राहू दे?”

“दुसऱ्याव कुणी वंगाळ बोललं तर मी उतरवतो. माज्याव बोललेलं मीच उतरवलं, तर मंग मी कंडक्टर कसला? गाडीचा मालक झालो की.”

मग म्हणाले, “आमच्या आज्याला पाठवायचे, त्याला कुणी इचारत न्हवतं. मी थांबवतो ते माज्या मनानं थांबवतो. ह्यो फरक त्या पोराला आज कळायचा न्हाई. पर आजा लई शाना व्हता, पोरी. आंगणाभाईर का व्हईना, आदी खाली बसायचा, मंग सांगायचा. उभ्यानं सांगितलेलं बाईमाणसाला सोसत न्हाई म्हणायचा.” मी फोनवरच रडले. ते म्हणाले, “आता तू नको चालू करू,” आणि फोन ठेवला.

पुढे उत्तमचा राग निवला, पण तोवर मुदत टळून गेली होती, मेसेज त्याला स्वतःला काढता येईना. त्याने कुणातरी हाती निरोप धाडला, काकांना म्हणावं काढून टाका. काकांचं उत्तर आलं, “तू बसवलाय, तुज्या स्टॉपला उतरंल.” ती ओळ राहिली तशीच. रस्त्यात काका दिसले की उत्तम मान वळवायचा, आणि काका मुद्दाम हाक मारायचे, “काय राव, बरं हाय ना?”

आणि एका सकाळी उत्तमची आई गेली. आमची पारूकाकू. तिच्या हातची शेंगोळी खाऊन मी मोठी झाले. संगीता आहुप्याच्या अंगाला, वर डोंगरात एका शाळेत शिक्षिका, आठवडाभर तिथेच खोली घेऊन राहायची. तिकडे रेंजचं नाव नाही, उत्तमचा फोन काही लागेना. माती दिवस मावळायच्या आत करायची होती. काकांचा मला फोन आला, “गाडी काडून ठेव, संगीताला आणायचंय. मी घोडेगावला येतोय.”

“मी जाते की एकटी. तुम्ही कशाला एवढ्या लांब?”

“तुला रडू आवरायचं न्हाई. आन् घाटात रडत गाडी चालवू नको.”

काका आले ते इस्त्रीचा सदरा घालून, जसे काही ड्युटीवरच. गाडी निघाली तशी माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, अरे देवा, वर आमच्या दोघांच्याही फोनला रेंज नसणार. मग इकडे मेसेज उतरवणार कोण? येताना डिंभ्याच्या धरणापाशी रेंज आली की संगीताचा फोन वाजायला लागणार आणि आईचा फोटो तिच्या हातात.

“काका, ग्रुप?”

“उत्तमला ॲडमिन केलाय.”

मी करकचून ब्रेक दाबला. “कोण? उत्तम? अहो, तुम्हाला तसलं बोललेला तो! आणि त्याची आई गेलीय आज!”

“म्हणून तर. आज त्याच्यापरीस जास्त कुणाला कळंल? तू फुडं बघ, बैल आडवा येतोय.”

डिंभे मागे पडलं आणि रेंज गेली. माझा जीव टांगणीला. आमच्या गावाला मी ओळखते, पारूकाकू सगळ्यांची लाडकी. एव्हाना फोटोंची रांग लागली असणार, आणि उत्तम बिचारा आईपुढे बसून काय काय बघणार?

शाळेत पोचलो. वर्गातून संगीता बाहेर आली, हाताला खडू. आम्हाला बघून उंबऱ्यातच थांबली. काका आधी पायरीवर बसले. तिलाही “बस” म्हणाले. ती बसली.

“आईला जरा जास्त झालंय. उत्तमनं बोलावलंय. चल.”

तिने आत जाऊन हात धुतले, काकांना तांब्याभर पाणी आणून दिलं, खोलीला कुलूप लावलं. गाडीत मागे बसून मला सांगत राहिली की पोरं यंदा कवायत फार छान करतात, एकीचा आवाज काय गोड आहे. मी हूं हूं करत रस्ता बघत होते. मागे बघायची माझी छाती नव्हती.

धरणाचं पाणी दिसायला लागलं आणि फोन वाजला. आधी माझा, मग तिचा. टिंग, टिंग, थांबायचं नावच घेईना. आरशात दिसलं, तिने पर्समधून फोन काढला.

“काका,” ती म्हणाली, “उत्तमनं हे काय चालवलंय?”

मी गाडी कडेला घेतली आणि माझा फोन उघडला. ग्रुपवर आईचा फोटो नव्हता. एकाखाली एक एकच ओळ होती. ‘हा मेसेज ॲडमिन उत्तम यांनी डिलीट केला.’ परत तेच. मधे कुणीतरी विचारलेलं, लाईट कधी येणार, आणि खाली परत तेच. बोट सरकवत गेले तरी संपेना. सकाळपासून हा मुलगा आईच्या उशाशी बसून तिच्या नावाचे हार एकेक करून काढत होता.

“येडा कुठला,” संगीता म्हणाली. “तुम्ही दारात दिसलात तेव्हाच मला कळलं होतं, काका. नुसतं आजारपण सांगायला तुम्ही एवढा डोंगर चढून आला नसता. आन् हा तिथं आईला सोडून फोन घेऊन बसलाय! सांगा हो त्याला कुणीतरी. बस म्हणावं आईजवळ.”

आणि मग ती रडली. मीही रडले, आता घाट संपला होता.

काका पुढच्या सीटवरून उतरले, मागे तिच्याशेजारी जाऊन बसले आणि उत्तमला फोन लावला. “उत्तम, तायडीला कळलंय. आता ऱ्हाऊ दे समदं. येऊ दे ज्याचं येतंय त्याचं. तू आईपाशी बस.”

पलीकडे उत्तमने असा हंबरडा फोडला की आम्हा तिघांनाही तो स्पष्ट ऐकू आला. सकाळपासून तो रडलाच नव्हता. संगीताने काकांच्या हातातून फोन घेतला.

“उत्तम, ए उत्तम. आले रे मी. डिंभ्यात आलेय बघ.”