धुळीचा पडदा सरकला

घरात तिला सगळे धूळआत्या म्हणत. नाव वहिनीने ठेवलेलं. "बाईसाहेबांना आकाशातली धूळ दिसते, पंख्यावरची तेवढी दिसत नाही!" आत्या नुसती हसायची. लग्नाच्या भानगडीत ती पडली नाही. भावाकडेच राहिली, आणि उमेदीची वर्षं वेधशाळेच्या तळघरातल्या खोलीत घालवली.

काही दीर्घिकांच्या मध्यभागी क्वेसार असतो, म्हणजे अजस्र कृष्णविवराभोवती पेटलेला वायूचा भोवरा. त्याचा झगमगाट एवढा, की अख्खी दीर्घिका त्यात बुडून जाते. पण काही क्वेसार जाड धुळीआड दडलेले असतात. अवरक्त दुर्बिणीला त्यांची धग तेवढी कळते, आणि भोवतालची दीर्घिका मात्र नीट दिसते. आत्या अशाच दीर्घिका तपासायची. त्यातली एक तिच्या खास मर्जीतली. मोडक्या पिसासारखी वाकलेली, दुसरीला गिळून बसलेली. तिचा कानाकोपरा आत्याला पाठ होता.

एका दुपारी तिने त्या दीर्घिकेचं नवं चित्र उघडलं. दीर्घिका नव्हतीच. त्या जागी एकच पांढराशुभ्र, टोचणारा ठिपका. चुकून भलत्याच दिशेचं चित्र आलं असेल, म्हणून तिने आजूबाजूचे तारे ताडून पाहिले. सगळे जागच्या जागी. खोलीत ती एकटीच होती, तरी तिने मागे वळून पाहिलं.

"सर, यंत्र बिघडलंय का बघता?" तिने वेधशाळेच्या प्रमुखांना विचारलं. त्यांनी दुसऱ्या दुर्बिणीतून चित्र मागवलं. त्यातही तोच ठिपका.

"मधला धुळीचा ढग बाजूला झालाय, क्वेसार उघडा पडलाय," प्रमुख हळूच म्हणाले. "नशीब काढलंत तुम्ही. असं सहसा सापडत नाही."

"हा प्रकाश तिथून निघाला तेव्हा पृथ्वीसुद्धा नव्हती, सर. मग मला असं का वाटतंय, की त्यानेच मला पाहिलं?"

प्रमुख हसले नाहीत. त्यांनी संगणक बंद केला.

घरी वहिनीने तिचा चेहरा पाहिला. "काय गं, काय झालं?"

"इतकी वर्षं ज्याच्या घरात मी हिंडत होते ना, तो आतच होता."

"पण ते तर तुला ठाऊकच होतं!"

"ठाऊक होतं गं. दिसला नव्हता."

वहिनीला एरवी थट्टा सुचली असती. त्या दिवशी ती आत्याचा हात धरून बसून राहिली.

शोधनिबंध छापून आला, आत्याचं नाव झालं. काम तिने सोडलं नाही. पण अजूनही नवं चित्र उघडताना ती आधी मध्यभागावर तळहात धरते. कडेकडेने दीर्घिका दिसली, की मगच हात काढते.