फक्कीच्या रेघांत आई मावते का?

या ग्रुपवर रोज कुणीतरी नव्या घराचा प्लॅन टाकून ‘मतं सांगा’ म्हणतं. आज विंझरला माझ्या माहेरी मतं कशी घेतली, ते ऐका.

दादाने घराची आखणी जागेवरच पांढऱ्या फक्कीने मारली होती. चुलते, वहिनी, मी, सगळे त्या रेघांमधून फिरत होतो.

चुलते म्हणाले, "पार्किंग लई बारीक झालं. गाडी कशी वळंल?"

दादाने आईच्या खोलीची रेघ चपलेने पुसली आणि आत घेतली. मग वहिनीला जिना रुंद हवा झाला. रेघ आणखी आत आली.

आईला कुणी काही विचारलंच नाही. ती गुपचूप आपल्या चौकोनात गेली आणि मातीतच आडवी झाली.

"पाय भाईर जात्यात रं," ती म्हणाली.

"मग दुमडून झोप की," दादा म्हणाला. "न्हाईतरी तुजे गुडघे कुठं सरळ व्हत्यात?"

सगळे हसले. आईसुद्धा हसली. तिने पाय पोटाशी घेतले. "व्हय, मावते आता."

मी तिला उठवून पाठीवरची फक्की झटकत होते, तोवर बाकीचे पार्किंगमध्ये हात पसरून उभे. गाडीची दोन्ही दारं उघडतील का, ते बघत होते.

गाडी अजून घेतलेलीच नाही, पण तिची लांबी-रुंदी दादाला तोंडपाठ आहे.

टाका तुमचे प्लॅन. फक्त आधी सांगा, तुमच्या आईची उंची किती?